भुईसरपट की उंच?

आषाढात नारायणगडावर वारा असा सुटतो की, दर्शन आटोपून बाहेर पडणाऱ्या पुरुषांस टोपी व बायकांस पदर सावरता सावरता पुरेवाट होते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात, नगद नारायण महाराजांचे हे स्थान आहे. आसपासची मंडळी त्यास ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आम्ही गेलो ते एकादशीची गर्दी ओसरल्यावर. बरोबर आमचे कुटुंब होते आणि आमच्या आत्याबाई होत्या. आत्याबाईंची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. परंतु पायी चालण्यात त्या आम्हां दोघांस मागे टाकतात.

गडावरून उतरून आम्ही माळावर आलो. माळ तो कसला! मुरमाड जमीन, तीवर बोटभर गवत, मधूनच एखादा धोंडा वर आलेला. पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता, पण पाणी ठरले नव्हते. तेथे पाचसात मुलांचा विटीदांडूचा डाव रंगात आला होता. हा खेळ कसा खेळतात हे वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या दिवशी एक गोष्ट आमच्या नजरेत भरली. डाव ज्या मुलाकडे होता तो विटी गलीवर आडवी ठेवून क्षणभर थांबे, वाऱ्याकडे तोंड करी, समोर पसरलेल्या गड्यांकडे पाही, आणि मग विटी कोले. कधी ती उंच उडे व गड्यांच्या डोक्यांवरून पार जाई. कधी तो दांडू खाली दाबून अशी कोले की विटी जमिनीलगत सरपटत दोघांच्या मधून निसटे. उंच कोलली तर पल्ला लांब, पण झेलाची धास्ती. सरपटी कोलली तर झेल नाही, पण एखाद्या धोंड्याला अडून ती तेथेच बसावयाची.

आत्याबाई पुष्कळ वेळ उभ्या राहून पाहत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अरे, हा तर आपल्या सतराव्या होलाचाच प्रश्न!”

हा सतरावा होल कोणता, हे सांगावयाचे म्हणजे वाचकांस आमच्याबरोबर दूर, उत्तर समुद्राच्या काठी, न्यावयास हवे.

आदल्या वर्षी आम्ही तिघे स्कॉटलंडात गेलो होतो. एडिंबरो येथे आमचा पुतण्या असतो. त्याला गोल्फचे वेड. सेंट अँड्र्यूज पाहिल्यावाचून परत जाणे म्हणजे काशीस जाऊन विश्वेश्वराचे दर्शन न घेण्यासारखे आहे, असे त्याचे म्हणणे पडले. आम्हां तिघांपैकी कोणीही जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. तरी मुलाचा आग्रह, म्हणून निघालो. सेंट अँड्र्यूजला आता आगगाडी जात नाही. तेथील स्टेशन १९६९ साली बंद झाले. म्हणून लुकर्स या स्टेशनावर उतरून पुढे बसने जावे लागते.

दिवस रविवारचा होता, आणि ही गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. तेथील सर्वांत जुन्या मैदानावर, म्हणजे ‘ओल्ड कोर्स’वर, रविवारी सहसा खेळ नसतो. त्या दिवशी गावकरी बायकामुलांसह व कुत्र्यांसह मैदानात खुशाल हिंडतात. जगातील नामांकित खेळाडू ज्या हिरवळीवर श्वास रोधून उभे राहतात तिच्या कडेने एक आजीबाई बाबागाडी ढकलीत चालल्या होत्या. प्रथम आम्हांस याचे आश्चर्य वाटले. पुतण्याने सांगितले की, ही जागा मुळात गावाची. या वाळवंटी कुरणावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत तेथील आर्चबिशपने मान्य केला आहे. म्हणजे आपल्याकडील गायरानासारखाच हा प्रकार. गावाने गायरान राखले, आणि त्यातून जगाचे तीर्थक्षेत्र झाले.

समुद्र व शेतजमीन यांच्यामध्ये जो वाळूचा, उंचसखल, नांगरास निरुपयोगी पट्टा असतो त्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. त्यावर बारीक, चिवट गवत उगवते. खाली वाळू असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी झरझर जिरते व पृष्ठभाग टणक राहतो. अशा जमिनीवर चेंडू पडला म्हणजे रुतत नाही. उसळी घेतो आणि धावू लागतो. झाड बहुधा नसते, त्यामुळे वाऱ्यास अडविणारे कोणी नसते. या दोन गोष्टी, टणक भुई व मोकळा वारा, ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे सारे समजावयास सोपे जाते.

गोल्फच्या मैदानाचे अठरा टप्पे असतात. टप्प्याच्या शेवटी गुळगुळीत राखलेली हिरवळ व तिच्यात चेंडू जाण्यापुरते छिद्र असते. छिद्रावरून साऱ्या टप्प्यासच ‘होल’ म्हणतात. ओल्ड कोर्सचा सतरावा होल ‘रोड होल’ या नावाने प्रसिद्ध आहे. आज त्याची लांबी ४९५ यार्ड आहे. निष्णात खेळाडूने तो चार टोल्यांत पुरा करावा असा हिशेब. परंतु मोठमोठ्यांस पाच लागले तरी ते देवाचे आभार मानतात.

पहिला टोला उजव्या अंगाच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून मारावयाचा असतो. पूर्वी तेथे रेल्वेच्या वखारी होत्या. आता हॉटेल आहे. खरा पेच दुसऱ्या टोल्याचा. आम्ही चालत चालत त्या जागी येऊन थांबलो. समोर हिरवळ दिसत होती. ती अरुंद व लांबट, आपल्याकडे तिरकी कूस करून पडलेली, भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच. तिच्या डाव्या कुशीत शिरलेला एक खोल वाळूचा खड्डा. पाठीमागे खाली रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत.

पुतण्याने आत्याबाईंच्या हाती छत्री दिली व म्हणाला, “आजी, समजा ही काठी आहे. चेंडू इथे आहे. तुम्ही काय कराल?”

आत्याबाईंनी चारही दिशांस पाहिले. “वरून टाकला तर?”

त्यावर त्याने दोन्ही मार्ग समजावून सांगितले. वरून टाकावयाचा तर चेंडू उंच चढवून खड्ड्यापलीकडे, त्या चिंचोळ्या पट्टीवर नेमका उतरवावा लागतो. उंच चेंडूस मागल्या बाजूस फिरकी असते. त्यामुळे मऊ जमिनीवर तो पडल्या जागी बसतो. येथे भुई टणक. थोडा जास्त गेला की हिरवळ ओलांडून रस्त्यावर. समोरून वारा असला तर तो आणखी वर चढून मध्येच खाली येतो व खड्ड्यात पडतो. मागून वारा असला तर थांबतच नाही. बाजूचा वारा त्यास कोठे नेईल याचा नेम नाही. जितका अधिक वेळ चेंडू हवेत, तितका अधिक वेळ तो वाऱ्याच्या स्वाधीन.

दुसरा मार्ग भुईचा. काठी कमी तिरकस पात्याची घ्यावयाची, हात किंचित पुढे ठेवून चेंडू खालून दाबून काढावयाचा. म्हणजे तो पुरुषभर उंचीने जाऊन हिरवळीच्या बऱ्याच अलीकडे उतरतो व तेथून धावत सुटतो. उजव्या अंगास एक लहानसा चढ आहे. तो चढून चेंडू हिरवळीच्या लांबीबरोबर आत शिरतो. वाऱ्याचा उपद्रव थोडा, आणि टोला जरा चुकला तरी चेंडू निदान पुढे सरकतोच. परंतु या मार्गास जमिनीची मर्जी सांभाळावी लागते. प्रत्येक उंचवटा चेंडूस वळवितो. शिवाय त्या खड्ड्याच्या आजूबाजूची जमीन त्याच्याकडेच उतरती आहे. म्हणून खड्डा दिसतो तेवढाच नसून दूरवरून चेंडू ओढून घेणारे ते एक मोठे नरसाळे आहे.

“म्हणजे दोन्हीकडून मरण,” आमचे कुटुंब म्हणाले.

हे शब्दशः खरे असल्याचे दाखले पुतण्यापाशी तयार होते. १९७८ सालच्या ओपन स्पर्धेत त्सुनेयुकी नाकाजिमा हा जपानी खेळाडू तिसऱ्या फेरीत येथे दोन टोल्यांत हिरवळीवर पोहोचला होता. आता चेंडू जमिनीवरून छिद्राकडे लोटणे एवढेच काम. पण तो उतारावर वळला, घरंगळत खड्ड्यात गेला, आणि तेथून बाहेर येण्यास त्यास चार टोले लागले. होल संपला तेव्हा नऊ मोजले गेले! हा भुईच्या मार्गाने झालेला घात. उलट १९८४ साली टॉम वॉटसन हा अमेरिकन खेळाडू सहाव्यांदा ओपन जिंकून हॅरी व्हार्डनच्या विक्रमाशी बरोबरी करण्याच्या बेतात होता. शेवटच्या दिवशी याच जागेवरून त्याने मारलेला लांब टोला हिरवळीपलीकडे रस्त्यावर, भिंतीच्या अगदी जवळ, जाऊन थांबला. त्याच सुमारास पुढच्या, म्हणजे अठराव्या होलावर सेव्हे बायेस्तेरोस या स्पॅनिश खेळाडूने तीन टोल्यांत काम साधले, आणि स्पर्धा त्याची झाली. वॉटसनने ओपन पाच वेळा जिंकली. सहावी कधीच लाभली नाही.

तेव्हा ‘भुईसरपट बरे’ किंवा ‘उंच बरे’ असा कायमचा निवाडा येथे देता येत नाही. छिद्र आज हिरवळीच्या कोणत्या भागात आहे, वारा कोणीकडचा आहे, आपला चेंडू पट्ट्याच्या डाव्या अंगास आहे की उजव्या, चार दिवस ऊन पडले की पाऊस, हे सारे पाहून प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. छिद्र खड्ड्याच्या ऐन पाठीमागे असले, तर सरपटी चेंडूस तेथे जाण्यास वाटच नसते. अशा वेळी शहाणा खेळाडू हिरवळीच्या पुढल्या भागावर समाधान मानतो.

अठराव्या होलापाशी आलो. हिरवळीच्या पुढे डाव्या अंगास एक खोलगट द्रोण आहे. त्यास ‘पापाची दरी’ असे भयंकर नाव दिले आहे. १९९५ साली इटलीचा कोस्तांतिनो रोका हिच्या अलीकडे उभा होता. त्याने चेंडू अलगद उचलून हिरवळीवर टाकण्याचा यत्न केला. काठी चुकली, आणि चेंडू लोळत येऊन दरीत बसला. आता त्याने सपाट तोंडाची काठी घेतली व चेंडू जमिनीवरूनच लोटला. तो दरीचा चढ चढला, साठ एक फूट धावला, आणि सरळ छिद्रात जाऊन पडला. रोका आनंदाने जमिनीवर पालथा पडून मुठी आपटू लागला. बरोबरी झाली खरी. पण निकालासाठी जे चार होल जादा खेळले त्यात तो जॉन डेलीकडून हरला. त्या वेळी सतराव्याच्या त्याच खड्ड्यातून निघण्यास त्यास तीन टोले लागले.

येथपर्यंत आम्ही मजेने ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी जे पाहिले त्याने आत्याबाई एकाएकी गंभीर झाल्या.

ओल्ड कोर्सच्या शेजारीच उंचवट्यांनी भरलेली एक हिरवळ आहे. तिचे नाव ‘हिमालय’! हिमालयाच्या देशातून आलेल्या माणसास हे वाचून हसू येते, कारण तेथील सर्वांत उंच शिखर फार तर माणसाच्या उंचीचे असेल. तेथे चेंडू फक्त जमिनीवरून लोटावयाचा, उडवावयाचा नाही; थोडे पैसे भरले की कोणासही खेळता येते. आम्ही चौघेही खेळलो. आत्याबाईंचा हात असा बसला की पुतण्याची फजिती झाली. उतार डोळ्यांनी मोजून, चेंडू मुद्दाम बाजूस मारून, तो वळून छिद्राशी यावा ही करामत त्यांस तासाभरात साधली.

ही हिरवळ स्त्रियांच्या एका क्लबाची आहे. तो १८६७ साली स्थापन झाला. मैदानाची आखणी टॉम मॉरिस या तेथील नामवंत जाणकाराने केली. स्त्रियांसाठी नुसती लोटण्याचीच हिरवळ का, असे आत्याबाईंनी विचारले. पुतण्याने सांगितले की, काठी खांद्यावर उचलून जोराने फिरविणे हे त्या काळी कुलीन स्त्रीस अशोभनीय मानीत. हवेतला चेंडू पुरुषांचा, जमिनीवरला बायकांचा.

आत्याबाई बाकावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आमच्या वाड्यात विटीदांडूचा डाव पडला की माझ्या भावांची मोजणी मी ओसरीवर बसून करीत असे. वकट, लेंड, मूंड, सारे तोंडपाठ. विटी कशी कोलावी हे मला त्यांच्याहून जास्त कळत असे. पण दांडू हातात घेतला की आजी ओरडत. आम्हांला सागरगोटे. तेसुद्धा मी जिंकत असे, तर सगळे म्हणत, हिला बैठे खेळच आवडतात.”

आम्ही काही बोललो नाही. सागरगोटे काही हलका खेळ नव्हे, हिमालयावरची हिरवळही नव्हे. दोन्हींस नजर व हात लागतो. पण ज्यास एकच मार्ग मोकळा आहे त्याने तो निवडला असे म्हणता येत नाही. आमच्याच घरात, आमच्याच आजोळी, आम्ही हे कितीदा ऐकले असेल, ‘तिला तेच आवडते’. आणि त्यावर आम्ही कधी विचार केला नव्हता. हे मनात आले तेव्हा त्या थंड वाऱ्यातही आमचे कान तापले.

मग पुतण्याने एक हकीकत सांगितली. स्त्रियांची ब्रिटिश ओपन स्पर्धा ओल्ड कोर्सवर प्रथम झाली ती २००७ साली. ती मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी जिंकली. मैदानाच्या काठी ज्या मोठ्या क्लबाची इमारत आहे त्याने स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव केला तो तर २०१४ साली. या दोहोंच्या मध्ये, २०१३ साली, ती स्पर्धा येथे पुन्हा झाली. शेवटच्या दिवशी वाऱ्याने कहर केला होता. अमेरिकेच्या स्टेसी लुईस सतराव्यावर आल्या. उंच टोला मारण्याची ताकद व शिक्षण दोन्ही त्यांच्यापाशी होते. त्यांनी वाऱ्याखालून जाणारा टोला काढला. चेंडू हिरवळीच्या तोंडाशी चढ चढून धावत गेला आणि छिद्रापासून तीन फुटांवर थांबला. अठराव्यावर त्यांचा चेंडू पापाच्या दरीत होता. तेथून त्यांनी तो जमिनीवरूनच लोटून छिद्रात घातला. दोन टोल्यांच्या फरकाने त्या जिंकल्या. दोन्ही वेळा मार्ग भुईचाच. पण तो त्यांनी आपण होऊन घेतला होता.

परतीच्या प्रवासात आमच्या मनात आपल्याकडील मैदानांचा विचार येई. गोल्फ आपल्या देशास नवा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब म्हणून कलकत्त्याच्या १८२९ सालच्या क्लबाचाच उल्लेख होतो. मुंबईस चेंबूरला, पुण्यास येरवड्यास मैदाने आहेत. परंतु पावसाळ्यात आपली जमीन मऊ होते, गवत दाट वाढते, आणि सरपटी चेंडू दहा पावलांत दम टाकतो. तेव्हा चेंडू उचलण्यावाचून गत्यंतर नसते. उन्हाळ्यात तीच भुई कडक होते व भुईचा मार्ग उघडतो. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन या भुईच्या खेळाचे मोठे जाणते. त्यांनी ब्रिटिशांची ओपन पाच वेळा जिंकली, त्यांपैकी १९५५ ची सेंट अँड्र्यूजला. आणि १९६४ साली दिल्लीस पहिली इंडियन ओपन झाली तीही त्यांनीच जिंकली. माती ओळखणारा माणूस परक्या मातीवरही चुकत नाही, तो असा.

आता पुन्हा नारायणगडच्या माळावर येऊ. आत्याबाईंचे ते वाक्य ऐकून आम्ही हसलो. परंतु त्या हसल्या नाहीत. मुलांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“आज्जी, जरा मागं सरका, विटी लागंल,” एक मुलगा म्हणाला.

“मला एक डाव देतोस का रे?”

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग डाव ज्याचा होता त्याने दांडू पुढे केला. आमचे कुटुंब “अहो आत्या, कंबर...” असे म्हणेपर्यंत आत्याबाईंनी पदर खोचला होता. त्यांनी विटी गलीवर ठेवली. वारा गडाकडून येत होता, म्हणजे त्यांच्या पाठीवर. समोर डाव्या अंगास दोन मुले दाटून उभी. उजवीकडे उतार, आणि उतारावर कोणी नाही. सरपटी कोलली असती तर विटी उतारावरून थेट बांधापर्यंत गेली असती. आम्हांस ते दिसत होते. आत्याबाईंस आमच्याआधी दिसले असणार.

त्यांनी उंच कोलली.

विटी वाऱ्यावर चढली, गरगरली, आणि डावीकडच्या थोरल्या मुलाच्या ओंजळीत अलगद येऊन पडली. “आज्जी बाद!” असा एकच गलका झाला.

आत्याबाईंनी दांडू परत केला, हात झाडले, आणि धापा टाकीत आमच्याजवळ आल्या. आम्ही म्हणालो, “आत्या, उजवीकडे सगळे मोकळे होते. तुम्ही सरपटी का नाही मारलीत?”

“दिसत होते की,” त्या म्हणाल्या. “सरपटी पुढच्या डावाला मारीन. त्याला म्हटले आहे, माझा एक डाव ठेव.”

गडावर सांजारती सुरू झाली होती. आम्ही तिघे एका धोंड्यावर बसून पुढच्या डावाची वाट पाहू लागलो.